अण्णा, शेंडीचं काय करू?

अण्णा, तुमच्या शेखरनं घरात एक वही ठेवलीय. भेटायला येईल त्यानं तुमच्याबद्दल चार ओळी लिहायच्या. काल तुमचा तेरावा झाला. मी जेवून हात धुतोय तोवर वही माझ्यापुढं आली. आधीची पानं आमच्या सूनबाईनं वाचून दाखवली. कुणी लिहिलंय, "वेदमूर्ती." कुणी लिहिलंय, "शांत, सात्त्विक, मृदुभाषी." मृदुभाषी! मी म्हटलं, सूनबाई, वरचं नाव बघ, चुकून दुसऱ्या कुणाच्या घरची वही आली काय.

म्हणून वही घरी घेऊन आलोय. मी बोलतोय, सूनबाई लिहितेय. चौथीत मी तीन वर्षं होतो. शेवटी मास्तरांची बदली झाली, मी तिथंच. जोडाक्षर आलं की माझा हात थांबतो, आणि लोकांनी तुमच्या नावामागं लावलेली सगळी जोडाक्षरंच आहेत.

तुम्हाला सांगायची गरज नाही, पण वही बाकीचे वाचणार. तर मी दत्तू. कसब्यातला न्हावी. अण्णांच्या घरापासून चौथं दुकान, दोन खुर्च्या, एक आरसा तडकलेला. अण्णा पेठेतले भटजी, मुंजी आणि लग्नं लावायचे. मुंजीत पोरांची डोकी करायला मला न्यायचे, आणि तिथं पोराच्या आधी माझी हजामत करायचे. तोंडानं.

चाळीस वर्षं तुम्ही माझ्या खुर्चीत बसलात. सोमवारी दुकान बंद. मंगळवार तुम्हाला चालायचा नाही, शनिवार चालायचा नाही, एकादशी नाही, अमावास्या नाही, चतुर्थी नाही. उरलेल्यातला एक दिवस पंचांगातून काढून यायचात आणि बाकडं भरलेलं असलं तरी सरळ आत. "दत्तू, खुर्ची पूस." पुसायचो. "पाणी बदल." बदलायचो. "हा टॉवेल धुतलाय की नुसता वाळवलाय?" अहो, डोक्यावर केस किती? शेंडी धरून पन्नास! त्या पन्नास केसांना पाऊण तास सूचना. बाहेर पोरं ताटकळलेली. एकदा मी म्हटलं, "अण्णा, केसापेक्षा अटी जास्त आहेत." तुम्ही आरशातून माझ्याकडं बघितलंत आणि म्हणालात, "तुझ्या डोक्यात जेवढं आहे त्यापेक्षा माझ्या डोक्यावर जास्त आहे. चालव."

माझे आजोबा तुमच्या घरी हजामतीला यायचे ते मागच्या दारानं. माझ्या बापानं दुकान टाकलं ते एवढ्याचसाठी, की आता तुम्ही आमच्याकडं पुढच्या दारानं या. तर तुम्ही आलात आणि खुर्ची पुसायला लावलीत. बाप म्हणायचा, सोड रे, म्हातारा माणूस. तेव्हा तुम्ही पंचेचाळिशीचे होतात.

ते असू दे. मला भांडायचंय ते चिनूच्या मुंजीवरनं. नऊ वर्षं झाली, भांडण मिटलेलं नाही, आणि तुम्ही मधेच उठून गेलात.

चिनू, म्हणजे चिन्मय, शेखरचा एकुलता एक. तीन वर्षांचा झाला तरी बोलेना, हाक मारली तर बघेना. डॉक्टरांनी सांगितलं, स्वमग्न आहे. मी दुकानात विचारलं होतं, "म्हणजे काय हो अण्णा?" मला वाटलं, तुम्ही खेकसाल. तुम्ही म्हणालात, "तो त्याच्या जागी असतो. आपण आवाज न करता तिकडं जायचं." मी बघतच राहिलो. कारण तुमचा आवाज असा, की तुम्ही इथं मंगलाष्टक म्हटलं की शनिवार पेठेत लोकांनी अक्षता टाकाव्यात.

चिनूच्या डोक्याला त्याची आई सोडून कुणी हात लावायचा नाही. लावला की किंचाळायचा, स्वतःच्या कानावर थापा मारून घ्यायचा. केस खांद्यापर्यंत आलेले. मंजिरीताई तो पंख्याकडं बघत असताना एकेक बट कापायच्या, ती पण चोरून. आणि मुंजीत तर अख्खं डोकं करायचं, मागं शेंडी ठेवायची. आठव्या वर्षी मुहूर्त काढलात, रद्द केलात. दहाव्या वर्षी काढलात, रद्द केलात. बारावं लागलं तेव्हा तुम्ही अठ्ठ्याहत्तरचे. हात थरथरायला लागला होता. तुम्ही तो मांडीखाली घालून बसायचात. मला आरशात दिसायचा.

तुमचे धाकटे बंधू घरी आले होते, मी तुमची दाढी करायला तिथंच होतो. ते म्हणाले, "अण्णा, कशाला हा हट्ट? त्याला काय कळणार आहे?"

तुम्ही म्हणालात, "मला काय कळलं होतं आठव्या वर्षी? लाडू कळले होते. तुला तर तेही नाही, तू रडत होतास."

बंधू उठून गेले. तुम्ही माझ्याकडं वळलात. "दत्तू, सहा महिने आहेत. याचं डोकं तू करायचंस."

मी म्हटलं, "अण्णा, त्यापेक्षा मला वाघाची दाढी करायला सांगा."

"वाघाची मुंज नाहीये."

मंजिरीताई आतून आल्या. त्या शिक्षिका, बोलणं एकदम सरळ. "अण्णा, माझ्या अटी आहेत. त्याला धरायचं नाही, दाबायचं नाही. वाजंत्री नाही, माईक नाही. अंगावर अक्षता फेकायच्या नाहीत. तो रडला की तिथंच थांबायचं. अर्धवट राहिलं तर राहिलं. आणि परत कधी विषय काढायचा नाही."

"शास्त्र वाकत नाही, मंजिरी."

"मग मुंज नाही, अण्णा."

तुमचं तोंड असं झालं, की फेस तसाच ठेवून पळून जावं वाटलं मला. मग म्हणालात, "अक्षता फेकायच्याच असं कुठं लिहिलंय? परडीत ठेवल्या तरी चालतात." त्या दिवसापासून तुमचा हा उद्योग सुरू झाला. तोंडानं म्हणायचं शास्त्र वाकत नाही, आणि रोज एक ठिकाणी वाकवायचं.

दर सोमवारी माझी सुट्टी तुमच्या घरी. पहिल्या सोमवारी मी जादूगारासारखा गेलो. खिशात चॉकलेट, तोंडात विनोद. माझ्या विनोदाला अख्खी पेठ हसते, चिनू माझ्याकडं भिंतीकडं बघावं तसा बघत होता. दुसऱ्या सोमवारी मशीन नेलं. नुसतं सुरू केलं, लांबून. घर्रर्र झालं आणि चिनू पलंगाखाली. मी शहाणा, त्याच्या मागं पलंगाखाली शिरलो. शिरलो तो अडकलो. पोट! चिनू पलीकडनं बाहेर निघून गेला, मी आत. शेखर ऑफिसला गेलेला. तुम्ही आणि मंजिरीताईंनी पलंग उचलला तेव्हा सुटलो. तुम्ही काय म्हणालात आठवतंय? "मुंज त्याची आहे, दत्तू. बिळात तू कशाला?"

तिसऱ्या सोमवारी मी सांगून टाकलं, माझ्याच्यानं होणार नाही. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "पुढच्या सोमवारी लवकर ये."

चौथ्या सोमवारी मी काहीच केलं नाही. थकलो होतो. भिंतीला टेकून बसलो, पेटी उघडी समोर. चिनू आला. कात्री उचलली. मंजिरीताई धावल्या, मी हातानंच थांबवलं. त्यानं कात्री माझ्या मिशीला लावली आणि कच्. डावी अर्धी गेली. मी हललो नाही. धीर नव्हता तो, भीती होती, नाक जवळ होतं. मग त्यानं ती कात्री माझ्या हातात दिली आणि बसून राहिला. मी जीव मुठीत धरून त्याच्या कपाळावरची एक बट धरली. कच्. तो ओरडला नाही. खाली पडलेले केस बघितले, माझे बघितले, त्याचे बघितले. शेजारी शेजारी ठेवले.

मी वर बघितलं तर तुम्ही दारात उभे. पूजा अर्धी टाकून आला होतात. मला वाटलं, आता काहीतरी चांगलं बोलाल. तुम्ही म्हणालात, "उजवी पण काढ. अर्ध्या मिशीनं रस्त्यानं जाऊ नकोस, माझ्या घरातून बाहेर पडतोयस."

तर असा कायदा ठरला. आधी माझं, मग त्याचं. एक माझा, एक त्याचा. तिसऱ्या महिन्यात माझं डोकं असं झालं, की उंदरांनी वाटून घेतलंय. मी स्वतः न्हावी! नवीन गिऱ्हाईक दारात यायचं, माझ्याकडं बघायचं आणि "जरा जाऊन येतो" म्हणून जायचं ते जायचंच. शेजारचा पानवाला ओरडायचा, "दत्तोबा, तुझी कोण करतो त्याचा पत्ता दे, तिकडं चुकून जायला नको." बायकोनं एक महिना माझ्याबरोबर रस्त्यानं चालायचं सोडलं. चार पावलं मागनं यायची.

आणि तुम्ही दर आठवड्याला, "किती झाले केस?" जशी काय भिंत बांधतोय मी. "अण्णा, आज सात." "फक्त सात? मुहूर्त जवळ आला." "मग तुम्ही बसा की कात्रीपुढं." "माझे पन्नासच आहेत. मला परवडत नाही."

त्याच दिवसांत तुम्ही हळू बोलायला शिकत होतात. मंगलाष्टक कुजबुजत म्हणायचं म्हणून माझ्या खुर्चीत बसून सराव करायचात. दोन ओळी झाल्या की ठसका. पुन्हा दोन ओळी. गिऱ्हाइकं विचारायची, आजोबा आजारी आहेत का. मी म्हणायचो, नाही, आयुष्यात पहिल्यांदा बरे आहेत.

मुंजीचा दिवस. तुमच्याच घरात, मोजून तीस माणसं. सगळ्यांना दारातच सांगितलेलं, बोलायचं नाही, टाळ्या नाहीत. पेठेतली तीस माणसं एका खोलीत गप्प, हेच मोठं कार्य झालं. मी त्या दिवसासाठी डोकं नीट करून घेतलं होतं. जे काय उरलं होतं ते सारखं करून, तेल लावून. कारण चार दिवसांनी माझ्या पोराचा साखरपुडा होता आणि बायकोनं शपथ घातली होती, की आता एक केस कमी झाला तर बघा. मी म्हटलं, अगं, त्याला सवय झालीय आता, त्या दिवशी सरळ बसेल.

मातृभोजन झालं. मुंजा आईच्या ताटात शेवटचं जेवतो ते. चिनूनं भात खाल्ला आणि लाडू दोन्ही खिशात भरले. मग पाटावर बसला. मी मशीन हातात घेतलं. चिनूनं माझा हात धरला आणि मशीन माझ्याच डोक्याकडं ढकललं.

मी म्हटलं, "चिनू, आज नको. आज फक्त तुझं." त्यानं परत ढकललं. कान लाल व्हायला लागले. मंजिरीताई उभ्या राहिल्या. मला माहीत होतं, आता एक किंकाळी आली की संपलं, कायमचं. तुमच्या बंधूंनी घड्याळ बघितलं. तुम्ही माझ्याकडं बघत होतात. मी साखरपुड्याचा विचार केला, बायकोचा केला, आणि खाली बसलो. पण माझं मी मागं कसं करणार? दर वेळी कात्रीनं चिनूच करायचा, पण मशीन त्यानं कधी धरलं नव्हतं. त्यानं खोलीभर नजर फिरवली, उठला, तुमच्याकडं गेला आणि मशीन तुमच्या हातात दिलं.

तुम्ही सोवळ्यात. रेशमी धोतर, सकाळपासून कुणाला शिवला नव्हतात. दारातनं मी जवळ आलो तरी "लांबून, लांबून" करत होतात. आणि हातात माझं मशीन, ज्यानं त्या सकाळीच मी तीन गिऱ्हाइकं केली होती.

"मला येत नाही," तुम्ही म्हणालात. कुजबुजत. सवय लागली होती.

मी म्हटलं, "मला तरी मंत्र कुठं येतात? तीस वर्षं ऐकतोय. तुम्ही पण तेवढीच बघताय. चालवा."

अण्णा, तुमचा तो थरथरता हात माझ्या डोक्यावर टेकला. डावा हात टेकवलात, उजव्यात मशीन. मला दिसत नव्हतं, समोर आरसा नव्हता. नुसता हात कळत होता, आणि बाजूला डोळे बारीक करून बघणारा चिनू दिसत होता. माझ्या आजोबांच्या वेळेपासून आमचे हात तुमच्या डोक्यांवर. उलटं कधी झालं नव्हतं.  तुम्ही दोनदा कानाला लावलंत, मी मान तशीच पुढं धरून बसलो, आणि तुम्ही सगळं डोकं केलंत.

मग चिनू बसला. स्वतःहून. मान खाली घातली. मी मशीन लावलं, त्यानं डोळे मिटले, आणि मी चालवत गेलो. सहा महिने सात सात केस मोजलेला माणूस मी! केस कसे पडत होते अण्णा, खांद्यावरनं, पाटावर. खोलीत कुणी श्वास घेत नव्हतं. पुढनं, बाजूनं, मागनं, एकसारखं, सुरेख. हात असा लागला होता, की थांबूच नये. आणि थांबलो नाही.

मशीन बंद केलं. सगळे बघत होते. पहिल्या मंजिरीताई हसल्या. तोंडावर पदर धरून. मग शेखर. मला वाटलं, आनंदानं हसतायत. मी पण हसलो. मग तुमच्याकडं बघितलं.

चिनूला शेंडी नव्हती. गुळगुळीत. आणि मी मागं हात नेला तर माझ्या डोक्यावर, मधोमध, चांगली बोटभर शेंडी. तुम्ही सवयीनं ठेवलेली. जन्मभर शेंड्या राखल्यात, हात आपोआप थांबला. माझा सवयीनं फिरला. तीस वर्षांत शेकडो मुंजी केल्या, एकाची शेंडी गेली नव्हती. गेली ती याचीच.

मी म्हटलं, "अण्णा, चुकलो. माझी कापून याला चिकटवता येत असेल तर..."

तुम्ही पुढ्यातल्या दर्भातून, पूजेच्या त्या गवतातून, चार काड्या घेतल्यात, गाठ मारलीत. म्हणालात, "केस नसलेल्यानं दर्भाची शेंडी करून कानावर ठेवायची. आहे तशी सोय." चिनूच्या कानावर ठेवायला गेलात, त्यानं ती काढून घेतली, डोळ्यांजवळ नेऊन फिरवली आणि मुठीत धरली.

"हातात चालते?" मी विचारलं.

"आज चालते."

आणि मग माझी ट्यूब पेटली. "अण्णा, ही सोय होती? आधीपासनं?"

"होती."

"मग सहा महिने माझी मिशी, माझं डोकं, माझी बायको..."

"मुहूर्त आहे, दत्तू. नंतर भांड."

पुढचं सगळं मी कोपऱ्यात शेंडी घेऊन बघितलं. कानात गायत्री सांगतात तेव्हा दोघांवर उपरणं घालतात. शेखरच्या ऐवजी तुम्ही बसलात. चिनूला ती अंधारी जागा इतकी आवडली, की तो बाहेरच येईना. लोक थांबले. पाच मिनिटं, दहा मिनिटं. उपरण्यातनं नुसतं गुणगुणणं ऐकू येत होतं, शब्द नाही, सूर. आधी एकाचं, मग दोघांचं. बाहेर आलात तेव्हा तुमचे डोळे ओले होते. मी म्हटलं, काय झालं, तर म्हणालात, "आत गरम होतं. आणि तू इकडं ये, माझ्या कामात शेंडी वाकडी राहिलीय का बघतो."

साखरपुड्याला मी टोपी घालून गेलो. व्याह्यांनी आग्रहानं टोपी काढायला लावली आणि फेटा बांधला. फोटो आहेत. सूनबाई, हसू नकोस, लिही.

आता माझं भांडण. शेंडीला सोय होती, तर डोकं न करायलाही काहीतरी सोय असणारच. मी नऊ वर्षं विचारलं. दाढी करताना, वस्तरा गळ्याशी असताना विचारलं. "खरं सांगा अण्णा, सगळं डोकं करायची गरज होती का?" तुम्ही डोळे मिटून म्हणायचात, "दाढी कर." आणि वर, आल्या-गेल्याला सांगायचात, "हा आमचा दत्तू. माझ्या नातवाची शेंडी यानं खाल्ली." नवीन गिऱ्हाइकांपुढं! शेवटच्या आजारात मी घरी यायचो दाढीला. आवाज गेलेला. मी म्हटलं, आता तरी सांगा. तुम्ही बोट वर केलंत. मला वाटलं, सांगताय. तुम्ही पाण्याच्या भांड्याकडं दाखवलंत. पाणी बदल.

दहाव्याला घाटावर शेखरचं डोकं मीच केलं. नीट केलं, अण्णा, सावकाश. हात मधेच थांबत होता. मग चिनू पुढं आला. एकवीस वर्षांचा बाप्या झालाय आता, माझ्यापेक्षा उंच. नऊ वर्षं महिन्याच्या महिन्याला दुकानात येतो, दुसऱ्या खुर्चीत बसतो. कायदा तोच. आधी माझा एक केस, मग त्याचे सगळे. मी वाट बघत होतो, एक केस कापेल. त्यानं माझ्या हातातनं मशीन घेतलं आणि मला पायरीवर बसवलं.

घाटावरचे गुरुजी घाईत होते. म्हणाले, "हे कोण? घरातले आहेत का?"

शेखर म्हणाला, "असू दे. होऊ दे त्याचं."

चिनूनं डावा हात माझ्या डोक्यावर टेकवला. तसाच. आणि मशीन चालवलं, पुढनं, बाजूनं, मागनं. त्याला फार चांगलं येतं, अण्णा. कानाला एकदाही लागलं नाही. मी हात फिरवला तर मधोमध शेंडी. नऊ वर्षांपूर्वी डोळे बारीक करून बघत होता ना, तुम्ही कुठं थांबलात ते! तो विसरत नाही. बाप माझा गेला त्या गडबडीत केस काढलेले आठवत नाहीत. हे आठवेल.

आणि काल तेराव्याला मंजिरीताई वाढत होत्या. मी ताटावर बसून तुमच्याबद्दलच कटकट करत होतो, की सांगितलं नाही ते नाहीच. त्या थांबल्या. म्हणाल्या, "दत्तूकाका, मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं त्यांनी. एक बट कापली तरी पुरते म्हणून."

माझा घास हातात. "मग?"

"मी म्हटलं, मग काकांना कशाला त्रास? तर त्यांनी मलाच विचारलं, आपण सगळे गेल्यावर याचे केस कोण कापणार?"

"मग मला का नाही सांगितलं?"

त्यांनी माझ्या ताटात लाडू वाढला. "म्हणाले, दत्तूला कळू देऊ नकोस. त्याला सवलत दिसली की तो काम टाळतो."

बघा! तेराव्याच्या ताटावर! तुमच्या नावाचा लाडू तोंडात! अण्णा, राग याचा येतो, की ते खरं आहे. सांगितलं असतंत तर मी पहिल्या दिवशी डोळ्यांत पाणी आणलं असतं, तुमच्या पाया पडलो असतो, आणि पलंगाखालून निघालो तो परत आलो नसतो. तुम्ही मला केसाकेसानं ओळखून होतात. मी तुम्हाला चाळीस वर्षं आरशात बघितलं, मला एवढं पण कळलं नाही.

आज सोमवार. दुकान बंद. बायको म्हणतेय, शेंडी काढा, लोक हसतायत. पानवाल्यानं हात जोडून "गुरुजी" म्हटलं. मी विचारायला कुणाकडं जाऊ? असली शेंडी किती दिवस ठेवायची, न्हाव्यानं ठेवायची का, कुठल्या वारी काढायची, हे सांगणारा एकच माणूस होता आणि तो मेल्यावरच हा प्रश्न आला.

वहीत काय सांगायचं ते जुळवायला म्हणून सकाळी शटर अर्धं उघडून आत बसलो होतो. खालनं वाकून चिनू आला. त्याची खुर्ची सोडून तुमच्या खुर्चीपाशी उभा राहिला. टॉवेल घेतला आणि खुर्ची पुसली. पाठ पुसली, हात पुसले. मग वाटीतलं पाणी ओतून नवीन घेतलं. मला खुर्ची दाखवली. त्या खुर्चीत मी इतक्या वर्षांत कधी गिऱ्हाईक म्हणून बसलो नव्हतो. बसलो. त्यानं माझी शेंडी चाचपून बघितली. आहे म्हटल्यावर पुढं येऊन जमिनीवर बसला आणि माझ्यापुढं मान खाली घातली.

चार दिवसांपूर्वी दहाव्याला त्याचं डोकं मीच केलंय. केस कुठं होते कापायला? नुसता हात ठेवायचा होता.

ठेवला, अण्णा. तो उठेपर्यंत ठेवला. माझा हात मुंग्या येऊन बधिर झाला तरी काढला नाही. आणि तुम्ही म्हणे मी काम टाळतो.